सीबीटीचं सुपरव्हिजन: पेशंट मराठी, सर कन्नड, मध्ये मी

मलप्रभेकाठची

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. मानसशास्त्रात एम.ए. झालं, आता पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

आमच्याकडे सीबीटीच्या (विचार आणि वागणं तपासून बदलायला मदत करणारी मानसोपचार पद्धत) केसेस सुपरव्हिजनखाली, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली घ्याव्या लागतात. पेशंटची लेखी परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि आठवड्यातून एक तास सरांसमोर बसून ते ऐकायचं. सर मध्येच थांबवतात, "इथे हाच प्रश्न का विचारलास?" म्हणतात, सीटीआरएसवर (सीबीटी कशी केली हे मोजायची गुणपट्टी) गुण देतात. पद्धत उत्तम आहे. या एका तासात जे शिकते ते पुस्तकाच्या शंभर पानांत मिळत नाही, हे आधीच सांगते.

अडचण भाषेची आहे. सर विजयपूरकडचे, शुद्ध कन्नड. मराठी थोडीफार कळते. माझे पेशंट मात्र बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि पलीकडून चंदगडहून येणारे, बहुतेक सगळे मराठी. त्यामुळे पन्नास मिनिटांचं सेशन मी घरी बसून उतरवते, मग त्याचं इंग्रजी करते. चार-चार तास जातात. तास गेल्याचं दुःख नाही. पण सीबीटीत पेशंटच्या मनात त्या क्षणी आलेला विचार त्याच्याच शब्दांत टिपायचा असतो, आणि मी तोच शब्द पुसून दुसरा लिहिते.

परवाचंच सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे). एक बाई, घरात अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं एकटीच्या अंगावर. म्हणाली, "बेजार झालंय बघा." मी इंग्रजीत 'थकून गेलेय' अशा अर्थाचं लिहिलं. सरांनी टेप ऐकली आणि म्हणाले, "नाही, ती दुखावली आहे. बेजारु म्हणाली." कन्नडात बेजारु म्हणजे मन उदास होणं, वाईट वाटणं. मी म्हटलं, सर, मराठीत बेजार म्हणजे जेरीस येणं. अर्धा तास यातच गेला आणि सेशन तिथंच राहिलं.

माझं स्पष्ट मत: सुपरव्हिजन पेशंटच्याच भाषेत झालं पाहिजे. सीमाभागात शिकलेल्या किंवा काम करणाऱ्यांचा अनुभव काय?

तवंदी_घाट

अगदी मनातलं लिहिलंत. मी निपाणीत समुपदेशक आहे. माझ्याकडे विडी वळणाऱ्या, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका जास्त. 'मला नैराश्य आलंय' असं आजवर एकीनंही म्हटलेलं नाही. डोकं गच्च झालंय, काळीज लकलकतंय, अंगात जीव नाही, कशात मन लागंना, हीच भाषा. पीएचक्यू-९ चा (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मराठी फॉर्म पुढं केला की वाचून माझ्याच तोंडाकडं बघतात. शेवटी मी एकेक प्रश्न तोंडी, त्यांच्या बोलीत विचारतो.

आणखी एक. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षणार्थीनं ते उतरवताना सगळीकडे 'करते, येते' करून टाकलं. वाचताना बाई कुणीतरी परकीच वाटायला लागली.

आडवाटेचा_प्रवासी

+१. बाय द वे, तुम्ही लोक 'क्लायंट'ला मराठीत काय म्हणता? अशील म्हटलं की मला कोर्टाची पायरी आठवते.

तवंदी_घाट

@आडवाटेचा_प्रवासी, मी 'ताई', 'मावशी', 'दादा' म्हणतो. कागदावर पेशंट. पण खरी गंमत 'होमवर्क'ची आहे. सुरुवातीला मी 'गृहपाठ' म्हणायचो. एका आजोबांनी पुढच्या वेळी येतानाच हात पुढं केला, "नाही केला गुरुजी, मारा छडी." दोघंही पोट धरून हसलो. तेव्हापासून 'सराव' म्हणतो. 'या आठवड्यात एवढं करून बघू' असं म्हटलं तर त्याहून बरं. करतात.

लिहिता_हात

'बघू' मध्ये दोघंही आले. छान शब्द आहे.

जुनी_वही

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, गेली बरीच वर्षं प्रशिक्षणार्थींना सुपरव्हाइज करते. माझी मातृभाषा मराठी, नोकरी धारवाड भागात. मलप्रभेकाठची, तुमच्याशी निम्मी सहमत आहे आणि निम्मी नाही.

आधी सहमती. एरन बेक मुळात मनोविश्लेषक. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण जे मोठ्यानं सांगतो त्याच्या खाली विचारांचा दुसराच एक ओघ चालू असतो, झटकन येऊन जाणारा. तो पकडायचा तर 'आत्ता मनात काय आलं?' असं विचारून जे शब्द येतील तेच घ्यावे लागतात. 'मी नालायक आहे' आणि 'माझा काय उपयोग' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचा पुरावा एका दिशेनं शोधायचा, दुसऱ्याचा दुसऱ्या. इंग्रजी करताना दोन्हींचं एकच होऊन बसतं. इथवर तुमचं बरोबर.

आता मतभेद. सीटीआरएसमध्ये ११ मुद्दे, प्रत्येकाला ० ते ६, एकूण ६६. साधारण ४० झाले की सक्षम मानतात. त्यातले बरेच मुद्दे भाषा न कळताही दिसतात. सेशनची विषयपत्रिका दोघांनी मिळून ठरवली का, वेळ नीट वापरला का, मध्येमध्ये 'माझं बोलणं पटतंय का' असं विचारलं का, सराव ठरवताना पेशंट बोलला की नुसती थेरपिस्टच बोलली. मी एकदा एका विद्यार्थ्याची तुळू भाषेतली टेप ऐकली. अक्षर कळलं नाही. पण पन्नासपैकी चाळीस मिनिटं तोच बोलत होता हे कळायला तुळू यावी लागली नाही.

दुसरं जरा गंभीर. माझ्या एका मराठी विद्यार्थिनीच्या टेपमध्ये बाई म्हणाली, "जीव नकोसा झालाय." विद्यार्थिनी पुढं गेली. मीही गेले असते. उन्हाळ्यात आपण दिवसातून चारदा म्हणतो ते. त्या दिवशी माझ्याबरोबर एक कन्नड सहकारी बसले होते, त्यांनी टेप थांबवायला लावून अर्थ विचारला. शब्दशः सांगितल्यावर म्हणाले, "मग तिनं पुढं विचारलं का नाही?" आम्ही दोघीही गप्प. दुसऱ्याच दिवशी बाईला बोलावून थेट विचारलं. विचार होता, आणि घरात कीटकनाशकाची बाटलीही होती. ती बाटली त्याच दिवशी शेजाऱ्यांकडं गेली. मरणाबद्दल विचारलं की डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो.

आपली भाषा आहे म्हणून आपल्याला सगळं कळलं, असं आपण धरून चालतो. परक्या कानाला ती सोय नसते.

मलप्रभेकाठची

जुनी_वही मॅडम, वाचून अंगावर काटा आला. मी किती वेळा तशीच पुढं गेले असेन. आजच जुन्या टेपा काढते.

तरीही एक म्हणते. तुमच्या शेजारी ते सहकारी होते आणि तुम्हीही होतात. दोन कान होते. माझ्याकडे मराठी कान फक्त माझा आहे.

खडे_बाजार

धाग्यात खोडा घालतोय, पण बोलणं भाग आहे. 'ओळख बदलली' म्हणता, तरी अंथरुणाला खिळलेली सासू, बोलण्याची ढब, तुमचा तालुका, हे सगळं एकत्र आलं की बेळगावात ओळख पटायला किती वेळ? इथं हिंडलग्यात शिंकलं तर येळ्ळूरला ऐकू जातं. माझ्या बहिणीनं दोन वर्षं कुणाकडं जायचं टाळलं, कारण ज्या बाईंकडं जायचं त्या वहिनीच्या भिशीतल्या.

मलप्रभेकाठची

खडे_बाजार, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. लिहिण्यापूर्वी पेशंटला विचारलं होतं, 'शिकणाऱ्यांसाठी लिहू का, तुम्हाला कुणी ओळखणार नाही असं करून' म्हणून. ती हो म्हणाली. नातं, आजार, घरातली माणसं, यातलं बरंच वर लिहिलंय तसं नाही. खरा आहे तो फक्त शब्द.

खडे_बाजार

मग ठीक आहे. बहिणीचं डोळ्यासमोर आहे म्हणून तोंडातून निघालं.

कित्तूरची_लेक

माझं माहेर कन्नड, सासर शहापूरला, मराठी. वीस वर्षं झाली. 'बेजार' वर मीच बोलू शकते बहुतेक :)

कन्नडात आपण म्हणतो 'बेजारु माडकोबेडी', म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. कंटाळा आला तरी बेजारु, कुणी लागट बोललं तरी बेजारु. लग्नानंतर मी सासूबाईंना म्हटलं, 'आज बेजार झालंय.' त्यांना वाटलं कामानं जेरीस आले. बिचाऱ्यांनी दोन दिवस मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मला माहेरची आठवण येत होती हो. आणि काम काढून घेतल्यावर तर दिवसभर आठवणच.

त्यामुळं ताई, आधी एक सांगा, त्या बाईचं माहेर कुठलं?

लिहिता_हात

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

खिडकीची_सीट

मी पेशंटच्या बाजूनं लिहितो. काही वर्षांपूर्वी मला पॅनिक अटॅक यायचे, बसमध्येच. बेळगाव–कोल्हापूर म्हणजे ओळखीचा रस्ता, पण संकेश्वर आलं की छातीत कळ, हाताला मुंग्या, आता जातो असं वाटायचं. दोनदा ईसीजी, एकदा टूडी इको, सगळं नॉर्मल. तरी खिशात सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरची गोळी), हातात पाण्याची बाटली, खिडकीचीच सीट आणि दवाखाना असलेली गावं तोंडपाठ.

ज्या मुलाकडं सीबीटी घेतली तो प्रशिक्षणार्थी होता. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, 'मी शिकतोय, माझ्या कामावर वरिष्ठांची देखरेख आहे, त्यासाठी रेकॉर्डिंग करायचंय, नको असेल तर नाही म्हणा, उपचार तसेच मिळतील.' प्रामाणिकपणा आवडला, हो म्हटलं. मुलगा कन्नड. मराठी तोडकीमोडकी. मी म्हटलं 'गुदमरल्यागत होतंय', तर म्हणाला, 'गुदमरल्यागत म्हणजे कुठं? गळ्यात? छातीत? श्वास आत जात नाही की बाहेर येत नाही?' वैतागलो सुरुवातीला. पण सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की श्वास अडत नाहीच, उलट मी भराभर जास्त श्वास घेतोय. मग त्यानं खुर्चीत बसवून मुद्दाम दोन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. (आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं, घरी आपल्या मनानं करू नका.) तशाच मुंग्या, तशीच चक्कर. बसमधलं भूत त्या खोलीत पकडलं.

पुढं एकेक आधार सोडायचा होता. आधी बाटली बॅगेत, मग बॅग वरच्या फळीवर, मग खिडकी सोडून मधली सीट, शेवटी गोळी घरी. प्रत्येक वेळी जायच्या आधी लिहायचं, 'मला काय होईल असं वाटतंय', आणि उतरल्यावर लिहायचं, 'काय झालं'. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर 'संकेश्वरला मरणार' आणि त्याखाली 'संकेश्वरला चहा घेतला'.

त्याला माझी भाषा फाडफाड येत असती तर 'गुदमरल्यागत' वर तो थांबला नसता, असं आज वाटतं.

आडवाटेचा_प्रवासी

'संकेश्वरला चहा घेतला'. दादा, ही ओळ मी माझ्या भावाला पाठवतोय. तोही बसमध्ये बसत नाही.

अनामिक_आई

विषय थोडा बदलते, माफ करा. मुलगा २२ वर्षांचा, परीक्षेच्या भीतीनं घराबाहेर पडेना. बेळगावात सीबीटीच्या जाहिराती दिसतात. कोण खरं शिकलेलं आणि कोण नाही हे आमच्यासारख्यानं कसं ओळखायचं?

जुनी_वही

ताई, अजिबात माफी नको. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच नको, खरा माणूस लगेच सांगतो. मग विचारा, 'सीबीटी कुणाच्या देखरेखीखाली शिकलात? अजूनही केसबद्दल कुणाशी बोलता का?' दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं प्रमाणपत्र वाईट नसतं, पण त्यावर पेशंट बघणं म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचून मलप्रभेत उडी मारणं. ब्रिटनमध्ये सीबीटी थेरपिस्ट म्हणून बीएबीसीपी या तिथल्या सीबीटी संघटनेची मान्यता घ्यायची तर प्रशिक्षणात देखरेखीखालचे किमान २०० तास लागतात.

पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये मुलाला काय त्रास, कशामुळे टिकून राहिलाय, काय काय करून बघायचं, हे त्याच्याबरोबर बसून कागदावर मांडलं जातं का बघा. आणि आज रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते.

अनामिक_आई

खूप आभार. नंबर लिहून फ्रिजवर लावला.

वाळवंटातली_विहीर

प्रशिक्षण म्हणजे तरी काय राहिलंय आता? यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनं एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला तेवढी २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुभा मिळाली. नाव बदललं तरी चालेल, पण एम.फिल.चा जीव होता तो वॉर्डात, ओपीडीत, वरिष्ठांच्या शेजारी बसून काढलेल्या दोन वर्षांत. त्या तासांना हात लावू नका म्हणावं.

चोर्ला_घाट

मलप्रभेकाठची, तुमच्या 'मराठी कान फक्त माझा आहे' वर सुचलं ते लिहिते. मी गोव्यात आरोग्य क्षेत्रात आहे. 'संगत' संस्थेनं इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी केली, २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. उपचार होता बिहेविअरल ॲक्टिव्हेशन (सुटलेली, बरं वाटायला लावणारी कामं हळूहळू पुन्हा सुरू करायची), म्हणजे सीबीटीच्याच घरातला. नेहमीच्या उपचाराला जोडून सहा ते आठ सेशन. देणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, स्थानिक. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९ टक्के.

मला महत्त्वाची वाटते ती त्यांची सुपरव्हिजनची रीत. समुपदेशक गटानं बसून एकमेकांच्या टेपा ऐकायचे, ठरलेल्या मापावर गुण द्यायचे, तज्ज्ञ मार्गदर्शनाला. म्हणजे पेशंटची भाषा कळणारे कान भरपूर, आणि वरती अनुभवी डोळाही. तुमच्या संस्थेत मराठी समजणारे आणखी दोघे-तिघे प्रशिक्षणार्थी असतीलच ना? सरांच्या तासाआधी आपसात ऐका. फक्त टेप संस्थेच्या बाहेर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको, आणि पेशंटच्या परवानगीच्या कागदात हे लिहिलेलं हवं.

तवंदी_घाट

एकटा काम करणाऱ्यानं काय करायचं हो चोर्ला_घाट? निपाणीत माझी टेप ऐकायला भिंतीच आहेत.

जुनी_वही

@तवंदी_घाट, मला व्यक्तिगत संदेश करा. महिन्यातून एकदा धारवाडला आम्ही पाचजण बसतो, त्यात दोघे मराठी.

मलप्रभेकाठची

दहा दिवसांनी येतेय. धागा मागे पडला असेल, पण कित्तूरची_लेक यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

बाईचं माहेर कन्नड मुलखातलं निघालं. इतकी सफाईदार बेळगावी मराठी बोलते की मला विचारायचं सुचलंच नाही. मी तिला म्हटलं, "मागं तुम्ही बेजार म्हणालात. माझ्या मनात त्याचा एक अर्थ होता, पण तुमचा कुठला?" बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "राबायचं काय नाही ओ. राबतोय की. दीर आला सुट्टीला, आईला विचारला, पोरांना विचारला. मला कशी आहेस म्हणून एका शब्दानं नाही."

मी दोन आठवडे तिच्याबरोबर कामाची वाटणी आणि दुपारच्या विश्रांतीचं वेळापत्रक करत होते. दोन्ही वेळा ती सराव न करता आली आणि मी लॉगबुकात लिहिलं, 'सहकार्य कमी'. ती ओळ आज खोडली. तारीख घालून, शेजारी कारण लिहून.

आता वहीत तिचा विचार तिच्याच शब्दांत आहे: 'मला या घरात माणसात धरत नाहीत.' त्याला पुरावा काय, उलट पुरावा काय, हे तिनंच काढलं. दिराबद्दलची तक्रार बऱ्याच अंशी खरी निघाली, तो विचार 'चुकीचा' ठरवायचा प्रयत्न मी केला नाही. पण धाकटा मुलगा रोज रात्री तिच्या पायाला तेल लावतो, हे तिनं मोजलंच नव्हतं. या आठवड्यात ती दिराला फोन करून एकच वाक्य बोलणार आहे. वाक्य तिनं निवडलंय, कन्नडात. त्यांच्या घरात दीरही कन्नड बोलतो म्हणे.

सरांना टेप ऐकवली. 'मी म्हटलं होतं ना' असं सर म्हणाले नाहीत. विचारलं, "मग तू थकवा का धरलास?" मी सांगितलं, माझी आई आजीचं करताना तेच म्हणायची. बराच वेळ त्याच्यावर बोललो. त्या तासात केस मागे राहिली आणि मला त्याची गरज होती.

माझं मूळ मत बदललं का? मराठी कळणारा सुपरव्हायझर हवा, हे अजूनही म्हणेन, आणि सीमाभागातल्या संस्थांनी ते गांभीर्यानं घ्यावं असं मनापासून वाटतं. एवढे मराठी पेशंट रोज ओपीडीत बसलेले असतात. पण आता मी उतरवताना महत्त्वाचे शब्द इंग्रजीत नेत नाही. देवनागरीत तसेच ठेवते, समोरचा रकाना रिकामा सोडते, आणि पेशंटला विचारून मगच भरते. दोन मराठी सहाध्यायी मंगळवारी माझ्याबरोबर ऐकायला तयार झाल्या आहेत, परवानगीचा नवा कागद सरांनीच करून दिला. 'जीव नकोसा' साठी जुन्या सगळ्या टेपा ऐकून झाल्या. दोन ठिकाणी सापडलं. दोघांनाही फोन करून बोलावलं, दोघंही ठीक आहेत.

कित्तूरची_लेक

फोनचं काय झालं ते सांगा हं. म्हणजे, तिची परवानगी असेल तरच.

तवंदी_घाट

तो रिकाम्या रकान्याचा तक्ता कसा आखलाय, जरा सांगाल? आमच्याकडं 'डोकं गच्च' साठी लगेच लागणार आहे.

मलप्रभेकाठची

साधा आहे. डावीकडे पेशंटचा शब्द, मध्ये 'मला वाटलेला अर्थ', उजवीकडे 'त्यांनी सांगितलेला अर्थ'. मधला रकाना पेन्सिलनं भरते.